आधी माती बघा, मग नकाशा: फोंतेनब्लो ते प्रोव्हँ, ग्रॅव्हल सायकलवरची पहिली सफर

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टूर द फ्रान्सचे घाट येतात. आपल्याकडच्या बीआरएमवाल्यांना, म्हणजे ठरलेल्या वेळात लांब पल्ल्याच्या राइड करणाऱ्यांना, मात्र पॅरिसजवळचं रांबुइये आठवतं. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची राइड २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षी तिथून सुटली होती, आणि महाराष्ट्रातले रायडरही तिथे होते. ती सगळी डांबरावरची सायकल. हा लेख डांबर सोडून ग्रॅव्हलकडे, म्हणजे रुंद टायरच्या सायकलवर खडी-मातीच्या वाटांकडे, वळणाऱ्यांसाठी आहे. जंगलातल्या गाडीवाटा, गव्हाच्या शिवारातल्या पाणंदी, नदीकाठचा मुरूम आणि शेवटी एखाद्या जुन्या गावाची फरसबंदी, हे सगळं ज्यांना एका सफरीत हवं आहे त्यांच्यासाठी.

नवख्यांना मी एकच मार्ग सुचवतो: पॅरिसच्या आग्नेयेला असलेल्या फोंतेनब्लोपासून पूर्वेच्या प्रोव्हँपर्यंत. डांबरी रस्त्याने सरळ गेलात तर हे अंतर साधारण ५५ किलोमीटर आहे. आपण नदीच्या कडेकडेने वळसा घेणार आहोत, म्हणून ७५ ते ८० धरा. दोन दिवस ठेवा. दोन्ही टोकांना पॅरिसची लोकल पोचते, चढ फार नाहीत आणि जंगल, नदीकाठ, मैदान, मध्ययुगीन गाव हे चारही प्रकार एकापाठोपाठ येतात.

या वाटेने मला एक गोष्ट पक्की शिकवली. ग्रॅव्हलची सफर किलोमीटरवर आखायची नसते, जमिनीवर आखायची असते. इथे ८० किलोमीटरांत तीन वेगवेगळ्या जमिनी लागतात आणि पावसात तिघींचं वागणं वेगळं असतं. फोंतेनब्लोची वाळू पावसानंतर घट्ट होते आणि सायकल मजेत चालते. प्रोव्हँच्या अलीकडच्या ब्री नावाच्या मैदानातली माती त्याच पावसाने चाकाला चिकटून सायकल जागेवर थांबवते. मधल्या नदीकाठावर खडी आहे, तिथे पाणी पटकन निचरून जातं, पण नदी फुगली की वाटच पाण्याखाली जाते. एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचं सगळं सोपं आहे.

कधी जायचं

मे, जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री जवळजवळ दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे चुकलात, थांबलात, टायर बदलत बसलात तरी अंधार गाठत नाही. नवख्या माणसाला याहून मोठा आधार नाही. जुलैच्या मध्याला गव्हाची कापणी सुरू होते. तेव्हा पाणंदी कोरड्या ठणठणीत असतात, पण धूळ आणि मोठमोठे ट्रॅक्टर यांच्याशी गाठ पडते. ऑगस्टमध्ये जंगलातली वाळू पिठासारखी भुसभुशीत होते आणि गावातली बेकरी सुट्टीसाठी बंद असू शकते.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा बीट काढणीचा काळ. हे बीट साखरेचं, आपल्या कोशिंबिरीतलं नाही. ट्रकच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरी रस्त्यावरही येतो आणि डांबर तेलकट घसरडं होतं. जानेवारी-फेब्रुवारीत सेन नदीला पूर येण्याची शक्यता असते. शिवाय साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम असतो. जंगलाच्या तोंडाशी 'शास आं कूर' अशी पाटी दिसली, म्हणजे शिकार चालू आहे, तर त्या वाटेला जायचं नाही. लांबून वळसा घ्यायचा. त्या दिवसांत अंगात भगवं किंवा पोपटी जॅकेट हवंच.

दिशाही मुद्दाम पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवली आहे. या भागात वारा बहुतेकदा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. मैदानात आडोसा देणारं झाड मैलभर नसतं, तेव्हा तो पाठीशी असलेला बरा.

सायकल आणि हवा

पहिल्याच सफरीसाठी भारतातून सायकल नेण्याचा खटाटोप करू नका. पॅरिसमध्ये ग्रॅव्हल सायकली भाड्याने मिळतात. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकते, तेवढी तयारी ठेवा. सायकल ताब्यात घेताना ब्रेक, गिअर आणि टायरच्या कडा दुकानातच तपासा आणि आधीपासून असलेल्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा. स्वतःची हायब्रिड नेणार असाल आणि तिला ३८ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर बसत असतील, तर तीही चालेल. त्याहून बारीक टायरवर फोंतेनब्लोची वाळू त्रास देते. मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांच्या संचात, मोठं चक्र हवं. चढ लहान आहेत, पण खड्यांवरचा लहान चढ डांबरावरच्या मोठ्या चढासारखा वाटतो.

हवेबद्दल नवख्यांची हमखास चूक होते. डांबरावरच्या सवयीने टायर टणक भरतात आणि मग हातांना मुंग्या येतात. ७० किलोच्या माणसाने ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ट्यूब असेल तर ३५ ते ४० पीएसआय आणि ट्यूबलेस असेल तर ३०च्या आसपास हवा ठेवावी. अंगठ्याने दाबून बघा, टायर किंचित दबला पाहिजे. वाळूचा पट्टा लांब असेल तर आणखी चार-पाच पीएसआय काढा आणि डांबरावर आल्यावर परत भरा. यासाठी पंप बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

बरोबर घ्यायचं सामान थोडकं: दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, अ‍ॅलन कीचा संच, चेनचा जोड, मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर आणि फाटलेल्या टायरला आतून लावायला जाड तुकडा. इथल्या सायकलींना बारीक, लांब, वर स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असतो आणि पेट्रोल पंपावरची हवा मोटारीच्या व्हॉल्व्हसाठी असते. मध्ये लावायची पितळी टोपी नखाएवढी आणि स्वस्त आहे, दोन घ्या. सामान कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पॅनिअर पिशव्यांपेक्षा सीटमागच्या आणि हँडलच्या पिशवीत चांगलं बसतं, कारण खडबडीत वाटेवर पॅनिअर खडखडतात आणि अरुंद जागी अडकतात.

व्हिसाचा विमा काढताना एक ओळ नीट वाचा. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं आणि सगळेच ते काढतात. पण त्यात सायकलिंग धरलं आहे की साहसी खेळ म्हणून वगळलं आहे, हे फार कमी जण बघतात.

नकाशा वाचायचा कसा

फोनवर सायकलचं कुठलंही अ‍ॅप वापरा, पण मार्ग ठरवताना फ्रान्सच्या आयजीएन या सरकारी संस्थेचा १:२५,००० नकाशा उघडाच. फोंतेनब्लो जंगलाचा कागदी नकाशा २४१७ ओटी या क्रमांकाचा आहे. नकाशे सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात. या नकाशावर दुहेरी रेघ म्हणजे गाडी जाईल असा रस्ता, एकेरी अखंड काळी रेघ म्हणजे शेताची किंवा जंगलाची गाडीवाट आणि तुटक रेघ म्हणजे पाऊलवाट. ग्रॅव्हलवाल्याचं सोनं त्या एकेरी अखंड रेघेत आहे. तुटक रेघ दिसली की दोनदा विचार करा.

मग उपग्रहाचा फोटो उघडून तीच रेघ शोधा. दोन पांढुरक्या चाकोऱ्या आणि मधे हिरवळीची पट्टी दिसली तर वाट वापरात आहे, खुशाल घ्या. नुसती हिरवी दिसली तर गवत कमरेपर्यंत असू शकतं. तपकिरी दिसली तर शेतकऱ्याने वाट नांगरली आहे, ती आता फक्त नकाशावरच उरली आहे.

वाटेच्या हक्काचंही बघायला हवं. फ्रान्समध्ये 'शमँ र्‍यूराल' म्हणजे गावाची सार्वजनिक वाट, आपल्या पाणंदीसारखी. त्यावरून जायला कोणी अडवत नाही. 'प्रोप्रिएते प्रिव्हे' लिहिलं असेल तर ती खाजगी जागा आहे. लाल काठाची, आत कोरी पांढरी गोल पाटी म्हणजे सगळ्या वाहनांना बंदी आणि सायकल हेही वाहनच. जंगलाच्या तोंडाचा आडवा लाकडी अडसर मात्र मोटारींसाठी असतो. सायकल त्याच्या बाजूने नेता येते.

पहिला दिवस: जंगलातून नदीकडे

पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून ट्रान्सिलियनची, म्हणजे पॅरिसच्या उपनगरी रेल्वेची, आर लोकल पकडा. चाळीसएक मिनिटांत फोंतेनब्लो-आव्हों येतं. या लोकलमध्ये सायकलला वेगळं तिकीट नाही, मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात या गर्दीच्या वेळा टाळायच्या. शनिवार-रविवारी दिवसभर मुभा असते. २०२५च्या सुरुवातीपासून पॅरिस प्रदेशातल्या लोकलच्या एका प्रवासाला एकच दर आहे, अडीच युरोच्या आसपास. फोंतेनब्लो आणि प्रोव्हँ दोन्ही त्याच प्रदेशात येतात. डब्याच्या दारावर सायकलचं चित्र असतं, तिथेच चढा.

फोंतेनब्लोचा राजवाडा बघायचा असेल तर मंगळवार सोडून या, त्या दिवशी तो बंद असतो. घोड्याच्या नालेच्या आकाराचा तो प्रसिद्ध जिना बाहेरच्या चौकातूनही दिसतो. २० एप्रिल १८१४ रोजी नेपोलियनने पदत्याग केल्यानंतर आपल्या सैनिकांचा निरोप इथेच घेतला. दोन दिवसांच्या सफरीत आतून सगळा वाडा बघायचा हट्ट धरू नका, वेळ जंगलाला द्या.

हे जंगल ओक, बीच आणि पाइनचं आहे आणि त्याखाली सगळी वाळू. तीन कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याची ही वाळू. ती इतकी शुभ्र आणि शुद्ध आहे की लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडसाठी हीच वापरली गेली. त्या वाळूचे थर कुठे कुठे घट्ट होऊन वालुकाश्म बनले आणि आज हत्तीएवढ्या शिळा जंगलभर पसरल्या आहेत. त्यांच्यावर चढायला जगभरातून गिर्यारोहक येतात. बार्बिझों गावचे चित्रकार इथल्या ओकची झाडं तोडू नयेत म्हणून भांडले आणि १८६१ मध्ये सरकारने १,०९७ हेक्टर जंगल चित्रकारांसाठी राखून ठेवलं. निसर्ग राखण्याचा हा जगातल्या पहिल्या सरकारी निर्णयांपैकी एक. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची स्थापनाही १९४८ मध्ये फोंतेनब्लोमध्येच झाली. अशा जागी आपण पाहुणे आहोत, हे चाक फिरवताना लक्षात ठेवावं.

म्हणून इथले नियम पाळा. सायकल जंगलाच्या रस्त्यांवर आणि अडीच मीटरहून रुंद वाटांवरच चालवायची. शिळांमधून नागमोडी जाणाऱ्या, झाडांवर निळी खूण असलेल्या पाऊलवाटा फक्त चालणाऱ्यांच्या आहेत. नेपोलियनच्या सैन्यात लढलेल्या देनकूर नावाच्या माणसाने १८४२ पासून त्या आखायला सुरुवात केली. निळी खूण दिसली की आपण चुकलो असं समजा आणि मागे फिरा. घोडेस्वार भेटले तर वेग पायी चालण्याइतका करा आणि लांबूनच 'बोंझूर' म्हणा. आवाज ऐकला की घोडं बिचकत नाही.

वाळूत सायकल चालवणं हे वेगळं कसब आहे. पुढे पांढरा पट्टा दिसला की आधीच हलका गिअर घ्या, बूड किंचित मागे सरकवा, हँडल सैल धरा आणि पाय थांबवू नका. पुढचं चाक आपोआप डावी-उजवीकडे लळत जाईल, जाऊ द्या. नवखा माणूस घाबरून हँडल आवळतो किंवा पुढचा ब्रेक दाबतो, आणि तिथेच पडतो. पडलात तरी वाळूच आहे, फार लागत नाही. पण चेनमध्ये गेलेली वाळू तिथल्या तिथे ब्रशने झटका, नाहीतर दिवसभर कुरकुर ऐकावी लागेल. दोन पट्ट्यांनंतर दम लागला तर उतरून ढकला, त्यात कमीपणा काही नाही.

संध्याकाळी मुक्कामी पोचलात की गुडघ्यामागे, काखेत, कमरेपाशी गोचीड आहे का ते तपासा. इथल्या गोचिडांमुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. औषधाच्या दुकानात ती काढायचा छोटा हुक मिळतो. चिमटीने पिळून काढू नका.

जंगलातून पूर्वेला उतरलात की सेनच्या वळणावर थोमरी लागतं. गल्ल्यांमधून उंच दगडी भिंती जातात. त्या भिंतींवर शासला जातीची द्राक्षं चढवायचे, दगडाने दिवसा शोषलेली ऊब वेलीला रात्री मिळावी म्हणून. काढलेले घड देठासकट छोट्या बाटल्यांतल्या पाण्यात लावून अंधाऱ्या खोलीत ठेवत आणि ती द्राक्षं वसंतापर्यंत टिकत. नाशिककरांनी इथे पाच मिनिटं थांबून त्या भिंती बघाव्यातच. पुढच्या गावाचं नाव व्हेनो-ले-साब्लों. साब्लों म्हणजे वाळू. फ्रान्समध्ये गावाच्या नावातच बऱ्याचदा जमीन सांगितलेली असते, नकाशा बघताना कान तिकडे ठेवा.

मोरे हे पहिल्या दिवसाचं जेवणाचं ठिकाण. स्टेशनपासून वळसे घेत इथवर साधारण १५ किलोमीटर होतात. गावाला दोन जुन्या वेशी आहेत, मधे सरळ रस्ता, आणि वेशीबाहेर ल्वँ नदीवर दगडी पूल. चित्रकार सिस्ले इथे राहिला, पुलाची आणि चर्चची पुन्हा पुन्हा चित्रं काढत राहिला आणि १८९९ मध्ये इथेच वारला. पलीकडच्या काठावर बसून पाव खा. पाण्यात पूल, त्यामागे वेस, त्यामागे चर्चचा मनोरा. सिस्ले हे गाव सोडून गेला नाही ते का, हे कळतं. इथल्या जोगिणींनी १६३८ पासून बनवलेली सातूची साखरगोळी दुकानात मिळते. चार खिशात टाका, दुपारी मैदानात कामी येतील.

पुढे सँ-मामेसला ल्वँ नदी सेनला मिळते. काठाला लांबलचक मालवाहू बोटी बांधलेल्या असतात, कुणाच्या छपरावर कुंड्या, कुणाच्या छपरावर सायकल. तिथून सेनच्या उत्तर काठच्या गावांमधून मोंतरो गाठायचं. वाटेतल्या ग्रांद-पारवास गावच्या हद्दीत, वाळूच्या खाणीत, १९६४ मध्ये हिमयुगातल्या रेनडिअर शिकाऱ्यांच्या चुली आणि दगडी हत्यारं सापडली. पँसव्हां या नावाने ती जागा पुरातत्त्वात प्रसिद्ध आहे.

मोंतरोला योन नदी सेनला मिळते. संगमावर घोड्यावरचा नेपोलियन उभा आहे, कारण १८ फेब्रुवारी १८१४ रोजी त्याने इथे लढाई जिंकली. इथल्याच पुलावर १० सप्टेंबर १४१९ रोजी बर्गंडीचा ड्यूक जाँ याचा वाटाघाटींच्या नावाखाली खून झाला.

इथेच मुक्काम का, याचं साधं कारण आहे. इथपर्यंत रेल्वे तुमच्या सोबत असते. थोमरी, मोरे, सँ-मामेस, मोंतरो या सगळ्या ठिकाणी आर लोकल थांबते. पाय दुखला, सायकल मोडली, पाऊस आला, तर कुठूनही पॅरिसला परत जाता येतं. मोंतरोनंतर मात्र प्रोव्हँच्या अलीकडच्या लोंगव्हीलपर्यंत लोकल नाही. म्हणून निर्णय मोंतरोत घ्यायचा. पहिल्या दिवसाचे ३० किलोमीटर जड गेले असतील आणि रात्री जोरदार पाऊस पडला असेल, तर दुसऱ्या दिवशी डांबरी रस्ता धरा किंवा लोकलने परत फिरा.

खाणं, पाणी आणि बंद दारं

ग्रामीण फ्रान्समध्ये दुपारी साडेबारा ते तीन दुकानं बंद. रविवारी दुपारनंतर बंद. सोमवारी अनेक ठिकाणी दिवसभर बंद. खेड्यातल्या एकुलत्या एका बेकरीचा सुट्टीचा वार वेगळाच असू शकतो. म्हणून सकाळी पहिली उघडी बेकरी दिसली की तिथेच दुपारचं खाणं घ्या, पुढे मिळेल म्हणून थांबू नका. दुकानात शिरताना आधी 'बोंझूर' म्हणा, मग काय हवं ते सांगा. हे विसरलात तर समोरचं माणूस गप्प होतं.

शाकाहारी मंडळींसाठी: कीश या खारट पाईमध्ये बहुतेकदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, सॅलडवरही ते भुरभुरतात. 'सां व्हियांद, सां प्वासों', म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं स्पष्ट सांगा. ब्री चीज या भागाचंच आहे, मो गावाचं ब्री तर फार नावाजलेलं. पण ते पारंपरिक पद्धतीने वासराच्या पोटातल्या रेनेट या रसाने विरजतात. काटेकोर असाल तर हे माहीत असावं. माझ्या बॅगेत शेंगदाण्याची कोरडी चटणी असते. ताजा बगेट, म्हणजे लांब कडक पाव, मोडून आत लोणी आणि वर चटणी, याहून चांगलं मैदानातलं जेवण मला ठाऊक नाही. तुपातले लाडू, पेढे मात्र भारतातून नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे.

पाण्याची एक युक्ती सगळ्या फ्रेंच सायकलवाल्यांना ठाऊक असते: गावाचं कबरस्तान. फुलांना घालायला तिथे नळ असतो. पाटी आधी वाचा. 'ओ पोताब्ल' म्हणजे पिण्याचं पाणी, 'ओ नों पोताब्ल' म्हणजे पिऊ नका. आत जाताना सायकल दाराबाहेर लावा, हेल्मेट काढा आणि हळू बोला.

दुसरा दिवस: खडीतून मैदानात

मोंतरोच्या पूर्वेला सेनचं खोरं पसरट होतं. याला बासे म्हणतात. नदीने युगानुयुगं इथे वाळू-खडी आणून टाकली, आणि पॅरिस परिसराच्या बांधकामांसाठी ती आजही उपसतात. उपसलेल्या खड्ड्यांत पाणी भरून शेकडो तळी झाली आहेत, त्यांवर बगळे, बदकं, पाणकावळे. २००२ पासून यातला काही भाग राष्ट्रीय राखीव क्षेत्र आहे. मोंतरोजवळच्या मारोलपासून ब्रे-सूर-सेन गावापर्यंत साधारण २० ते २२ किलोमीटर सपाट, बारीक खडीच्या वाटा आणि छोटे रस्ते मिळतात. सगळ्या सफरीत सायकल सगळ्यात सुखाने चालते ती इथे. चाकाखाली खडी बारीक आवाज करत राहते आणि दुसरा आवाज फक्त पाखरांचा. चालू खाणीपाशी ट्रक येतात, तिथे सावध राहा. नदीला पूर असेल तर या पट्ट्याचा नाद सोडा आणि वरच्या डांबरी रस्त्याने ब्रे गाठा.

डांबरावर आलात की एक नियम जिवाशी बांधून ठेवा. इथे गाड्या उजवीकडून चालतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण खेड्यातल्या बिनपाटीच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं, मग तो कितीही छोट्या गल्लीतून येवो. आपल्या सवयीने मोठा रस्ता धरून सरळ जात राहिलात तर अपघात होईल. इयरफोन लावून सायकल चालवायला मनाई आहे. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे. काही झालं तर ११२ लावा.

ब्रेहून उत्तरेला खोऱ्यातून वर चढलं की दोनमारी-दोंतिई येतं. पाण्याच्या बाटल्या इथे भरा. पुढे ब्रीचं पठार आहे, गहू, बीट, पुन्हा गहू, आणि सावली नाही.

या पठारावरच्या मातीबद्दल मी कळकळीने सांगतो, कारण माझा पहिला धडा इथेच झाला. ऑक्टोबर होता, दोन दिवस पाऊस पडून गेला होता, सकाळी लख्ख ऊन होतं. नकाशावर एकेरी अखंड रेघ, उपग्रहाच्या फोटोत दोन छान चाकोऱ्या. मी वळलो. पहिले दोनशे मीटर ठीक गेले. मग टायरवर मातीचा थर चढायला लागला, त्यावर गव्हाचं काड चिकटलं, त्यावर पुन्हा माती. आपल्या काळ्या रानात पावसात चपलेखाली पेंड बांधते ना, अगदी तसं. मागचं चाक फ्रेमला घासत घासत पूर्ण थांबलं. उतरून ढकलायला गेलो तर ढकलताही येईना, चाक फिरतच नव्हतं. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. मातीसकट तिचं वजन किती झालं होतं कोण जाणे. दर पन्नास पावलांवर काटकीने फ्रेमच्या सांध्यातली माती उकरत तीन किलोमीटरांना दीड तास लागला. बांधाच्या दोनशे मीटर पलीकडून, समांतर, डांबरी रस्ता जात होता आणि त्यावर एक आजोबा पिशवी अडकवलेल्या जुन्या सायकलवरून निवांत चालले होते.

तेव्हापासून माझा नियम असा: ब्रीच्या पठारावर गेल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर पाणंदीत शिरायचं नाही. शिरायचंच असेल तर तोंडाशी उतरून बुटाची टाच जमिनीत दाबायची. टाच स्वच्छ वर आली तर चला. तळव्याला माती चिकटून आली तर डांबर धरा. इथले 'डी' क्रमांकाचे छोटे रस्ते इतके शांत असतात की डांबर धरल्याचं वाईट वाटत नाही. कोरड्या दिवसांत मात्र याच पाणंदी कडक, गुळगुळीत असतात आणि पाठीवर वारा असला की सायकल न सांगता पळते.

जंगलात आणि बासेत जी वळणं, सावल्या, तळी होती, ती इथे काही नाहीत. पहिल्या तासाला हे मैदान कंटाळवाणं वाटेल. मला आता तेच सगळ्यात आवडतं. गव्हाच्या लाटांवर ढगांच्या सावल्या सरकत जातात आणि दूर एखाद्या गावच्या चर्चचं टोक अर्धा तास तेवढंच राहतं. मग पूर्वेला क्षितिजावर दोन आकार वर येतात, एक घुमट आणि एक जाड मनोरा. घुमट सँ-किरियास चर्चचा, मनोरा बाराव्या शतकातल्या तूर सेझारचा. हे प्रोव्हँ. बाराव्या-तेराव्या शतकांत शांपेन प्रांतातल्या व्यापारी जत्रांना कापड, मसाले, कातडी घेऊन येणारे व्यापारी याच पठारावरून चालत यायचे आणि त्यांनाही लांबून गाव असंच दिसत असणार.

प्रोव्हँमध्ये शिरताना

तटबंदी दिसली की वरच्या गावात सँ-झाँ वेशीतून आत जा. बाहेरून, खंदकाच्या कडेने, तटाला लागून थोडं फिरा, मगच आत शिरा. आतल्या फरसबंदीवर ओलं असेल तर वळताना ब्रेक दाबू नका, दगड साबणासारखे असतात. शनिवार-रविवारी वरचं गाव पर्यटकांनी भरतं, तिथे सायकल हातात धरून चालणं बरं. जत्रांचं हे गाव २००१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. त्या काळचं धान्याचं आणि मालाचं कोठार, ग्रांज-ओ-दीम, अजून उभं आहे. गुलाबाचा मुरंबाही इथे मिळतो. आपल्या गुलकंदाच्या मानाने पातळ आणि कमी गोड लागतो, पण बगेटवर चांगला.

स्टेशन खालच्या गावात आहे, उतार आहे, ब्रेक आधी तपासा. प्रोव्हँहून ट्रान्सिलियनची पी लोकल पॅरिसच्या गार द लेस्तला जाते, दीड तासाच्या आसपास लागतो. बहुतेक वेळा तासाला एक गाडी असते, म्हणून वेळ आधी बघून मगच तटावर जाऊन बसा. गाडी यायला दहा मिनिटं असताना सायकल फलाटाच्या टोकाला आडवी करा आणि चाकांच्या कडांची वाळलेली माती काटकीने आणि ब्रशने पाडा. डबा स्वच्छ राहील. वर तपकिरी, मधे राखाडी आणि आत पांढुरके असे थर निघतील, सगळी वाट उलट्या क्रमाने.